शर्यतीचा घोडा आणि चार दिवसांपूर्वीचे इंजेक्शन

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत 'औषधे शरीरात काय करतात?' या विषयावर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले, "सर, आमच्या बैलाचा पाय दुखत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी बैल नीट चालायला लागला. चार दिवसांनी शंकरपट होता. आबा म्हणाले, पळवायचा नाही. पण बैल तर बरा झाला होता. पळवला असता तर ती लबाडी झाली असती का?"

वर्गात थोडे हसू झाले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्यात रसायनशास्त्र होते, शरीरशास्त्र होते, गणित होते आणि न्याय-अन्यायाचा विचारही होता. जगात शर्यतीच्या आणि स्पर्धेच्या घोड्यांबाबत हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षे चर्चेत आहे, आणि त्यावर सर्वांत तपशीलवार नियमही घोड्यांसाठीच झाले आहेत. म्हणून त्या मुलाचे उत्तर शोधताना आपण आधी घोड्याकडे जाऊ आणि मग बैलाकडे परत येऊ.

औषध आणि उत्तेजक

घोड्यांच्या स्पर्धांत मनाई असलेल्या द्रव्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात, निरोगी घोड्याला देण्याचे काहीच कारण नाही अशी द्रव्ये येतात. काही उत्तेजके आहेत, काही स्नायू वाढवणारी संप्रेरके आहेत, तर काही माणसांच्या मानसिक आजारांवरची औषधे आहेत. ही स्पर्धेच्या घोड्याला कधीच द्यायची नाहीत. दुसऱ्या गटात रोजच्या उपचारांतली औषधे येतात. सूज उतरवणारी, वेदना कमी करणारी, खोकल्यावरची, जागा बधिर करणारी अशी ही औषधे आहेत. आजारी घोड्याला ती द्यायलाच हवीत, मात्र स्पर्धेच्या वेळी ती त्याच्या शरीरात असता कामा नयेत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० साली अमलात आणलेल्या नियमांत ही विभागणी स्पष्टपणे केली आहे. पहिला गट 'निषिद्ध द्रव्यां'चा आणि दुसरा 'नियंत्रित औषधां'चा. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले. या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या संघाचे घोडेही याच नियमांखाली उतरले होते.

दुसऱ्या गटावर बंधन का, असे कोणी विचारील. डोकेदुखीची गोळी घेऊन परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला आपण लबाड म्हणत नाही. मग घोड्याच्या दुखऱ्या पायावरचे औषध का चालू नये?

वेदना ही राखणदार असते

शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली, की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके अधिक संवेदनशील होतात. एरवी जाणवला नसता असा दाबही मग दुखतो. अॅस्पिरीन, फेनिलब्युटाझोन, मेलॉक्सिकॅम ही औषधे प्रोस्टाग्लॅन्डिन तयार करणाऱ्या विकराला रोखतात. सूज उतरते आणि दुखणे थांबते. पण हाडाला पडलेली बारीक चीर किंवा ताणली गेलेली कंडरा त्यामुळे सांधली जात नाही. तिला वेळ आणि विश्रांतीच लागते.

शर्यतीचा घोडा साधारण ४५० ते ५०० किलो वजनाचा असतो. भरधाव पळताना क्षणभर एकाच पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे हजार किलोहून अधिक. दुखऱ्या पायाचा घोडा हा भार टाळतो. तो लंगडतो, वेग कमी करतो. हे लंगडणे म्हणजे त्या पायाचा बचावच असतो. औषधाने वेदना दडपली, की घोडा तोच पाय पूर्ण जोराने टेकवतो. बारीक चिरेचे रूपांतर पुऱ्या मोडीत होऊ शकते. घोड्याचा मोडलेला पाय बरा करणे फार अवघड असते. पुष्कळदा त्याला वेदनेतून सोडवण्यासाठी मारावेच लागते. वर स्वार असेल तर त्याचाही जीव धोक्यात येतो.

परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यात आणि घोड्यात हाच फरक आहे. विद्यार्थी स्वतः ठरवतो. 'माझा पाय दुखतो, आज मी पळणार नाही,' असे घोडा सांगू शकत नाही. त्याचे लंगडणे हेच त्याचे बोलणे असते, आणि औषधाने तेच बंद होते. म्हणून हे नियम प्रतिस्पर्ध्याला न्याय मिळावा म्हणून तर आहेतच, पण त्याहून अधिक ते घोड्यासाठी आहेत.

लाळेपासून पिकोग्रॅमपर्यंत

नियम केला तरी तो मोडला हे ओळखायचे कसे? १९१० च्या सुमारास व्हिएन्नात शर्यतीच्या घोड्यांच्या लाळेत कोकेन, मॉर्फिन यांसारखी अल्कलॉइडे शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. खेळातील उत्तेजकांच्या रासायनिक तपासणीची सुरुवात माणसांपासून नव्हे, घोड्यांपासून झाली.

१९६८ साली अमेरिकेतील केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत 'डान्सर्स इमेज' या घोड्याने जिंकली. मूत्रतपासणीत फेनिलब्युटाझोन सापडले आणि त्याचे विजेतेपद गेले. त्याच्या घोट्याला त्रास होता. शर्यतीच्या आधीच्या रविवारी, म्हणजे सहा दिवस आधी, औषध दिले होते, असे पशुवैद्याचे म्हणणे होते. सहा दिवसांपूर्वीचे औषध मूत्रात उरते का, यावर वर्षानुवर्षे वाद आणि कोर्टकचेऱ्या चालल्या.

तेव्हापासून उपकरणे कितीतरी पटींनी सूक्ष्म झाली आहेत. २०२१ च्या त्याच शर्यतीत पहिल्या आलेल्या 'मेडिना स्पिरिट'च्या रक्तात दर मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम बीटामेथॅसोन सापडले. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. विद्यार्थ्यांना हे प्रमाण समजावायचे तर एक तलाव डोळ्यांसमोर आणावा, एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक मीटर खोल. त्यात शंभर कोटी लिटर पाणी मावेल. त्यात २१ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर विरघळवली, तर ते प्रमाण तेवढे होईल. त्वचारोगावरच्या मलमातून हे औषध शरीरात गेले, असे घोड्याच्या बाजूने सांगण्यात आले. पण शर्यतीच्या दिवशी ते शरीरात अजिबात नसावे असा तिथला नियम होता, आणि २०२२ साली विजेतेपद काढून घेतले गेले.

प्रश्न आता उलटा झाला आहे. पूर्वी 'सापडेल का?' असे विचारत. आता 'सापडले, पण त्याला काही अर्थ आहे का?' असे विचारावे लागते.

चिंचोक्यांचे गणित

औषध शरीरातून कसे कमी होते, हे वर्गात दाखवता येते. चिंचोके मधोमध फोडा. प्रत्येक फोडीची एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी असते. अशा ६४ फोडी डब्यात घालून हलवा आणि जमिनीवर टाका. पांढऱ्या बाजूने पडलेल्या बाजूला काढा, उरलेल्या पुन्हा टाका. ६४ च्या साधारण ३२, मग १६, मग ८ अशा फोडी उरत जातील. प्रत्येक वेळी ठरावीक संख्या नव्हे, तर ठरावीक हिस्सा कमी होतो. यकृत आणि मूत्रपिंडे औषध असेच काढून टाकतात. निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात.

फेनिलब्युटाझोनचा अर्धायुकाल घोड्यात सुमारे ६ तास धरू. ४५० किलोच्या घोड्याला दर किलोला ४.४ मिलिग्रॅम याप्रमाणे सुमारे २ ग्रॅम औषध दिले. २४ तासांत चार अर्धायुकाल होतात, म्हणजे सोळावा हिस्सा, १२५ मिलिग्रॅम उरते. ४८ तासांनी सुमारे ८ मिलिग्रॅम आणि ७२ तासांनी अर्धा मिलिग्रॅम. औषधाचा परिणाम तोवर ओसरलेला असतो. पण औषध शून्य झालेले नसते, कारण निम्म्याचे निम्मे करत गेल्यास शून्य लवकर येत नाही. शिवाय ऊतींत अडकलेले औषध शेवटी शेवटी फार हळू सुटते, आणि त्यापासून यकृतात बनलेली संयुगे मूत्रात येतच राहतात. त्यामुळे प्रत्यक्षात शेवटचा अंश आपल्या गणितापेक्षा जास्त काळ टिकतो.

म्हणून काही घोड्यांना ठरावीक मात्रा देऊन, औषध किती काळ सापडत राहते हे प्रत्यक्ष मोजतात. याला शोध-अवधी म्हणू. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत पाच दिवस दिलेल्या फेनिलब्युटाझोनचा शोध-अवधी १६८ तास, म्हणजे सात दिवस आहे. फ्लुनिक्सिनच्या एका मात्रेचा तो १४४ तास आहे. पण हे आकडे थोड्या घोड्यांवरचे असतात. प्रत्येक घोड्याचे वय, यकृत, खाणे आणि मिळालेली मात्रा वेगळी. म्हणून पशुवैद्य त्यात सुरक्षिततेसाठी आणखी काळ मिळवतो. ती प्रतीक्षा-अवधी. शोध-अवधी हे निरीक्षण आहे, तर प्रतीक्षा-अवधी हा त्यावरून घेतलेला निर्णय आहे. हा फरक न कळल्यामुळे अनेकांचे घोडे बाद झाले आहेत.

लसूणघास, खसखस आणि धोत्रा

शरीरात सापडलेले प्रत्येक द्रव्य कोणी मुद्दाम दिलेलेच असते असे नाही. लसूणघासात नैसर्गिकपणे सॅलिसिलेट असते. तो खाणाऱ्या घोड्याच्या मूत्रात सॅलिसिलिक आम्ल येणारच. कोकोच्या टरफलांचा अंश खुराकात मिसळला गेला तर थिओब्रोमीन सापडते. खसखशीच्या झाडाचे अवशेष आले तर मॉर्फिन सापडते. वैरणीत धोत्रा कापला गेला तर अॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन सापडतात. आपल्याकडे बांधाबांधावर धोत्रा असतो, त्यामुळे हे उदाहरण मुलांना लगेच कळेल.

यासाठी काही द्रव्यांना मर्यादा ठरवून दिल्या आहेत. मूत्रात दर मिलिलिटरला सॅलिसिलिक आम्ल ७५० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि थिओब्रोमीन २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. त्यावर गेले तर दोष मानतात.

खाण्याच्या सोड्याचे उदाहरण तर रसायनशास्त्राच्या तासाला सांगावे असे आहे. जोराने धावताना स्नायूंत आम्लता वाढते आणि थकवा येतो. ही आम्लता मारण्यासाठी शर्यतीच्या काही तास आधी नाकातून पोटात नळी घालून सोडा आणि साखरेचे पाणी पाजण्याची युक्ती काहींनी काढली. सोडा तर घरोघरी असतो आणि रक्तातही बायकार्बोनेट असतेच. मग पकडणार कसे? त्यासाठी रक्तद्रवातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात. ते नेहमी लिटरला ३० मिलिमोलच्या आसपास असते. ३६ च्या वर गेले की नियम मोडला. ज्या नळीने सोडा जातो ती चुकून श्वासनलिकेत गेली, तर घोडा दगावूही शकतो.

मिरचीने गेलेले पदक

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सायसिन सापडले. मिरचीचा तिखटपणा ज्याच्यामुळे असतो तेच हे द्रव्य. नॉर्वेच्या टोनी हान्सेन याचा 'कामिरो' हा घोडा त्यांत होता. त्यामुळे नॉर्वेच्या संघाचे कांस्यपदक गेले आणि ते स्वित्झर्लंडला मिळाले.

कॅप्सायसिन दोन्ही बाजूंनी काम करते. कातडीला चोळले की आधी आग होते. अशा पायाला अडथळ्याची दांडी लागली तर घोड्याला झोंबते आणि पुढच्या वेळी तो पाय अधिक वर उचलतो. पुष्कळ काळ लावत राहिले तर उलट तिथले वेदनेचे मज्जातंतू थकतात आणि दुखणे कमी जाणवते. म्हणून सांधेदुखीच्या मलमांत ते असते. पहिल्या प्रकारात घोड्याला मुद्दाम वेदना दिली जाते, तर दुसऱ्यात असलेली वेदना लपवली जाते. नियमाने दोन्ही अमान्य ठरवले आहेत.

जबाबदारी कोणाची?

स्पर्धेनंतर घोड्याचे मूत्र किंवा रक्त घेऊन ते दोन बाटल्यांत मोहोरबंद करतात. पहिल्या बाटलीत दोष आढळला तर मालकाच्या बाजूला दुसरी बाटली तपासून घेण्याचा हक्क असतो. बाटल्यांवर घोड्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींतही घोड्यांची अशी तपासणी होते.

द्रव्य सापडले तर 'मला माहीत नव्हते' हे सांगून सहसा सुटका होत नाही. शर्यतीत प्रशिक्षक आणि घोडेस्वारीत स्वार जबाबदार धरला जातो. हे कठोर वाटते. मोतद्दाराने चहा पिऊन तोच पेला घोड्याच्या बादलीत विसळला तरी दोष प्रशिक्षकाचाच. पण हेतू सिद्ध करण्याची अट घातली, तर कोणीच दोषी ठरणार नाही. निष्काळजीपणा नव्हता असे दाखवता आले, तर शिक्षा कमी होऊ शकते, पण निकाल मात्र बदलतोच.

नियम स्थिरही नाहीत. २००९ साली कोपनहेगनच्या सभेत आंतरराष्ट्रीय महासंघाने काही वेदनाशामके मर्यादित प्रमाणात स्पर्धेच्या वेळीही चालतील असा ठराव केला. वयस्क घोड्याला थोडा आराम मिळाला तर काय बिघडले, असे समर्थकांचे म्हणणे होते. ज्याला औषधाशिवाय पळवत नाही त्याला पळवूच नये, असे विरोधक म्हणाले. विरोध एवढा झाला, की ठराव अमलात येण्याआधीच थांबवावा लागला. वादाच्या दोन्ही बाजूंना पशुवैद्य होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. औषध किती उरते हे विज्ञान सांगते. किती चालवून घ्यायचे, हे माणसांना मिळून ठरवावे लागते.

बैल म्हणजे घोडा नव्हे

आता त्या मुलाच्या बैलाकडे येऊ. परभणी, हिंगोली, नांदेड या भागांत शंकरपटाची जुनी आवड आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. शर्यतीच्या नियमांत पशुवैद्याची तपासणी आहे आणि उत्तेजक द्रव्ये देण्यास मनाई आहे.

पण घोड्याचे आकडे बैलाला लावता येत नाहीत. फेनिलब्युटाझोनचा अर्धायुकाल घोड्यात ६ तासांच्या आसपास, तर गुरांत ४०-५० तास आणि माणसात जवळजवळ तीन दिवस असतो. औषध एकच, पण प्रत्येक प्राण्याच्या यकृताची चाल वेगळी. आजकाल गुरांना पुष्कळदा मेलॉक्सिकॅम देतात. त्याचेही एक कारण आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात हे कळल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि गिधाडांना निर्धोक असलेले मेलॉक्सिकॅम पुढे आले. त्याचा अर्धायुकाल घोड्यात सुमारे ८ तास, तर कालवडीत सुमारे २६ तास आहे. चार दिवस म्हणजे ९६ तास. घोड्यात १२ अर्धायुकाल होऊन औषधाचा ४०९६ वा हिस्सा उरेल. गुरात मात्र चारसुद्धा अर्धायुकाल पुरे होत नाहीत. तेरावा हिस्सा शिल्लक राहतो.

मी त्या मुलाला सांगितले, "डॉक्टरांनी बैलाला औषध दिले ते योग्यच केले. तो उपचार होता. पण दुसऱ्या दिवशी बैल नीट चालला, तो बरा झाला म्हणून की त्याला दुखत नव्हते म्हणून, हे तुला, मला आणि आबांनाही त्या दिवशी कळणे शक्य नव्हते. औषध पूर्ण उतरल्यावर, त्याशिवायही तो सरळ चालला, तरच तो बरा झाला असे म्हणता येते. तोवर पळवला असता तर दुसऱ्या जोडीशी लबाडी झाली असती की नाही हे पंच ठरवतील, पण तुमच्या बैलाशी मात्र झाली असती."

"आबा अर्धायुकाल शिकलेत का?" एकाने मागून विचारले. शिकले नसतील. पण लंगडणारे जनावर जुंपू नये हे ज्याला कळते, त्याने या साऱ्या नियमांचे मूळ ओळखलेले असते. आकडे नंतर शिकता येतात. परभणीतच पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शिक्षकांनी मुलांना एकदा तिथे न्यावे आणि हाच प्रश्न तिथल्या प्राध्यापकांना विचारायला सांगावा.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. चिंचोक्यांचा प्रयोग पाच गटांकडून करून घ्या. दर खेपेला उरलेल्या फोडी आलेखावर मांडा. पाचही आलेख सारखे येतात का? फोडीच्या दोन बाजू सारख्याच वेळा पडतात का, हे आधी कसे तपासाल?

२. एका औषधाचा अर्धायुकाल १२ तास आहे. १ ग्रॅम औषध दिले. १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी उरायला किती दिवस लागतील? (सूचना: दहा वेळा निम्मे केले की हजारावा हिस्सा होतो.)

३. स्पर्धेतल्या जनावराला वेदनाशामक थोड्या प्रमाणात चालावे की मुळीच चालू नये? दोन गट करून चर्चा घडवा. शेवटी प्रत्येक गटाने दुसऱ्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा आपल्या शब्दांत सांगावा.